गणवेशाचं माप कोण घेणार? झेडपी शाळेत पालकांचा हक्क नेमका किती

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने सरकारी शाळांच्या गणवेशाचं कापड एकाच ठिकाणाहून घ्यायचं ठरवलं. बऱ्याच गावांत गणवेश महिनोन्‌महिने पोचलेच नाहीत आणि जिथे पोचले तिथे कुणाची बाही कोपराखाली, कुणाची पँट घोट्याच्या वर. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने माघार घेतली. २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं.

बातमी वाचून अनेक पालकांनी विचारलं, ही समिती म्हणजे कोण? गंमत अशी की, असं विचारणाऱ्यांतले काही जण स्वतःच त्या समितीत असतात. मागे कधीतरी घरी रजिस्टर आलं होतं, सही केली होती, एवढंच त्यांना आठवतं.

समिती म्हणजे कोण?

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २१ सांगतं की, विनाअनुदानित खाजगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्राने १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने तपशील ठरवला. त्यानुसार सदस्य १२ ते १६, आणि मुख्याध्यापक त्यांच्याहून वेगळे, सचिव म्हणून. बारा जणांची समिती धरली तर नऊ पालक आणि तीन इतर: ग्रामपंचायतीचा निवडून आलेला एक सदस्य, एक शिक्षक, आणि पालकांनीच निवडलेला गावातला एखादा शिक्षणाची जाण असलेला माणूस. दोन विद्यार्थीही बसतात, पण त्यांना मत नसतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच होतात.

बचत गट चालवणाऱ्या बाईला हे समजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. महिन्याला बैठक, अध्यक्ष-सचिव, इतिवृत्ताचं रजिस्टर, बँकेत खातं, दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही. फरक इतकाच की गटात पैसा आपला असतो म्हणून सगळ्या बाया हिशोब विचारतात, आणि शाळेत तो सरकारचा वाटतो म्हणून कोणी विचारत नाही.

कायद्याने समितीला दिलेली मुख्य कामं तीन आहेत: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणं. खाजगी अनुदानित शाळेत मात्र ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देते. म्हणजे खरे अधिकार झेडपीच्या शाळेतल्या पालकांकडे आहेत, तालुक्याच्या मोठ्या अनुदानित शाळेत पोरगं घालणाऱ्याकडे नाहीत. गावात समजूत बहुतेक उलटी असते.

निवड पालकसभेत, पानठेल्यावर नाही

पालक सदस्य निवडायचा अधिकार पालकसभेला आहे. सरपंचाने यादी द्यावी किंवा मुख्याध्यापकांनी 'सोयीची' नावं काढावीत, असं कुठेही लिहिलेलं नाही. समितीची मुदत दोन वर्षांची असते.

गडबड होते ती तीन ठिकाणी. पहिली, सभेची सूचना आदल्या संध्याकाळी निघते. ज्यांना फुरसत आहे तेच येतात आणि पानठेल्यावर ठरलेलं नाव बिनविरोध होतं. दुसरी, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना शाळेतल्या त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात, ते विसरलं जातं. शाळेत निम्मी पोरं तांड्यावरची किंवा पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, आणि समिती मात्र सगळी मूळ गावातली, असं चित्र यवतमाळकडे नवं नाही. तिसरी, महिला सदस्य कागदावर असते आणि बैठकीला तिचा नवरा येतो. त्याला तिथे मत नाही. त्याच्या सहीने गणपूर्ती दाखवली असेल तर तो ठराव उद्या कोणीही पाडू शकतो.

सूचना निदान आठवडाभर आधी काढा, दवंडी द्या आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा सांगा. मुलांच्या वहीत चिठ्ठी देणंही चांगलं, पण एकट्या चिठ्ठीवर विसंबू नये. ती दप्तराच्या तळाशी जाते.

शाळेत पैसा येतो किती?

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,००० आणि त्यावर एक लाख. म्हणजे तिसाचे एकतीस झाले की वर्षाला १५,००० रुपयांचा फरक पडतो. एक पोरगं वीटभट्टीवर गेलं की शाळेचं काय जातं, हे या आकड्यावरून कळतं.

४८ पटाची शाळा घेऊ. तिला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के, म्हणजे २,५००, स्वच्छतेवर लावायचे. उरलेल्या २२,५०० मध्ये वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फुटलेली कवेलू, पंख्याची दुरुस्ती, सगळं बसवायचं. महिन्याला १,८७५ रुपये झाले. हा हिशोब एकदा पालकसभेत फळ्यावर लिहिला की 'मास्तर पैसे खाते' ही कुजबूज बरीचशी थांबते. आणि जिथे खरंच काही खाल्लं जात असेल तिथे तेही दिसून येतं.

पैसा आता बहुतेक शून्य शिल्लक खात्यातून खर्च होतो. खात्यात रक्कम दिसत नाही, वरून खर्चाची मर्यादा मंजूर होते आणि बिल चढवलं की थेट दुकानदाराच्या खात्यात जातं. पासबुकात शून्य दिसलं म्हणून 'पैसा आलाच नाही' असा निष्कर्ष काढू नका. मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न असा: यंदा मर्यादा किती मंजूर झाली, त्यातली किती वापरली, आणि उरलेली ३१ मार्चच्या आत वापरायचा बेत काय?

गणवेश: ६०० रुपयांत दोन जोड

एका जोडाला ३०० रुपये, मुलामागे वर्षाला दोन जोड, म्हणजे ६००. आपल्या ४८ मुलांच्या शाळेत २८,८०० रुपये. रंग, कापड आणि शिलाई कुठे करायची हे समिती ठरवते.

दोन रस्ते असतात. तालुक्याच्या दुकानातून तयार कपडे आणायचे, किंवा कापड घेऊन गावातल्या शिंप्याकडून, बचत गटाकडून शिवून घ्यायचे. तयार कपडे लवकर मिळतात, पण दुकानदार २२, २४, २६ असे ठोक नंबर देतो, आणि पहिली-दुसरीतली बारीक पोरं त्यात बुडून जातात. शिवून घेतले तर अंगाला बसतात. मात्र शिंपी एकच असेल आणि लगीनसराई सुरू असेल, तर जूनअखेरीस शाळा उघडते तेव्हा काम अर्धंच झालेलं असतं. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा भरते. हे जादा दिवस इथे कामी येतात, पण माप आधीच घेतलेलं असेल तरच.

माप एप्रिलमध्ये, शाळा सुटायच्या आधी घ्यावं. पोरं उन्हाळ्यात उंच होतात, म्हणून पँट आणि फ्रॉकच्या खाली दोन-तीन बोटं कापड दुमडून ठेवायला सांगावं. ते पुढच्या वर्षी उसवता येतं. कापडाचा तुकडा आणून एका सदस्याने घरी दोनदा धुवावा आणि रंग उतरतो का, आटतं का ते पाहावं. बटणं ओढून बघावीत. तीन दुकानांची दरपत्रकं घ्यावीत आणि ती बैठकीत सगळ्यांसमोर उघडावीत. बिल समितीच्या नावाने हवं, त्यावर जीएसटी क्रमांक आणि जोडांची संख्या हवी. वाटप झालं की पालकाची सही किंवा अंगठा मुलाच्या नावापुढे घ्यावा. कोऱ्या पानावर आधीच सह्या घेऊन वर यादी नंतर लिहिणं, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धोक्याची सवय. चौकशी आली तर अध्यक्षांनाही उत्तर द्यावं लागतं, एकट्या मुख्याध्यापकांना नाही.

तराजू आणि चव

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना, म्हणजे जिला गावात सगळे अजून खिचडीच म्हणतात, तिचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम.

आज पाचवीपर्यंतची ४० पोरं हजर असतील तर कढईत ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल जायला हवं. समितीतल्या एका आईने पंधरवड्यातून एकदा, न सांगता, अकराच्या सुमारास जावं आणि तराजूपाशी उभं राहावं. मग तीन आकडे जुळवावेत: वर्गात बसलेली पोरं, हजेरीपट आणि आहाराच्या नोंदवहीतली लाभार्थी संख्या. नोंदीत ४६ आणि वर्गात ४० असतील, तर दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ कागदावर शिजतो आहे.

स्वयंपाक करणारी बाई बहुधा गावातलीच, मानधनही थोडकं. तिच्यावर चढण्यात काही हशील नाही. भाजी पातळ होण्याचं कारण पुष्कळदा इंधन-भाजीपाल्याचे पैसे थकण्यात असतं, आणि ते मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून भागवलेले असतात. असं असेल तर समितीने थकबाकीचा ठराव करून पंचायत समितीला पाठवावा. वाढण्याआधी चव घेऊन चव नोंदवहीत अभिप्राय लिहिणं हे शिक्षकांइतकंच पालकांचंही काम आहे. 'चांगली' एवढंच न लिहिता 'डाळ कच्ची, मीठ बरोबर' असं लिहावं.

'पालक येतच नाहीत'

शिक्षकांची ही तक्रार खोटी नाही, पण तिचं कारण कॅलेंडरमध्ये शोधावं लागतं. शाळेची बैठक दुपारी बाराला ठरते आणि त्या वेळी गाव वावरात असतं.

पश्चिम विदर्भात जून-जुलै पेरणीत जातो, ऑगस्ट निंदणात, ऑक्टोबर सोयाबीनच्या सोंगणीत, आणि दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळचे दोन तास गेले की तेवढा कापूस आणि तेवढे पैसे गेले. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाचं रोवणं. मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला पहाटेच घर सोडतात आणि मेमध्ये तेंदूपत्ता. अशा माणसाला बाराची बैठक म्हणजे एक रोजी बुडवणं. तो आला नाही म्हणून 'उदासीन पालक' असा शेरा मारणं अन्यायाचं आहे.

मग बैठक कधी घ्यायची? आठवडी बाजाराचा दिवस बहुतेक ठिकाणी सगळ्यात सोयीचा. त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो आणि अनेकजण कामावर जात नाहीत. बाजाराला निघण्याआधी पाऊण तास मिळतो. दुसरा पर्याय संध्याकाळी सातनंतरचा. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांना तो जड जातो, हे खरं. म्हणून महिन्याची बैठक बाजाराच्या दिवशी आणि वर्षातून दोन मोठ्या पालकसभा संध्याकाळी, अशी वाटणी जमते. पाऊण तासाच्या वर बैठक नेऊ नये. प्रास्ताविक, सत्कार, नारळ हे सगळं १५ ऑगस्टसाठी ठेवावं.

भाषेचाही प्रश्न आहे. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, झरी-जामणीकडे कोलामी, तांड्यावर गोरमाटी. तिथली आई पुस्तकी मराठीतल्या सभेला एकदा येते, मान हलवते आणि परत येत नाही. दोन्ही भाषा येणारा पालक समितीत असेल तर प्रत्येक विषयानंतर त्याने दोन वाक्यांत तिच्या भाषेत सांगावं. यात एक पैसा लागत नाही.

हंगामी स्थलांतराचं वेगळं. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला जाणार असेल तर निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्यावं. ते दाखवून पोराला तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला उशिरा मिळाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे.

व्हॉट्सॲपच्या गटाने काम भागतं का?

थोडंसं. घरातला स्मार्टफोन बापाजवळ किंवा थोरल्या भावाजवळ असतो आणि रिचार्ज संपलेला असतो. त्यात गटावर सरकारी परिपत्रकाच्या पीडीएफचा मारा झाला की माणूस गट बंदच करून ठेवतो. शिक्षकांनी तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप टाकावा, आपण घरी बोलतो तशा बोलीत. 'उद्या पोरायची तपासणी हाय, न्हाऊ घालून पाठवा' एवढं पुरतं. एखाद्या मुलाची कागाळी मात्र गटावर टाकू नये. ती सगळं गाव वाचतं.

कलम २४ प्रमाणे पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. ते उपकार नाहीत. 'बरं चाललं आहे' हे त्याचं उत्तर होत नाही.

'आमाले काय समजते त्यातलं, गुरुजी?'

अंगठा करणाऱ्या आईलाही मुलाची प्रगती तपासता येते, कारण लहान वर्गांत वाचन आणि गणित पक्कं करायच्या निपुण भारत या सरकारी अभियानाने उद्दिष्टं मोजता येतील अशी ठेवली आहेत. पहिलीच्या शेवटी मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, आणि ९९९९ पर्यंत.

घरी पोराला धडा वाचायला बसवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. शब्द मोजता येत नसतील तर अडखळणं ऐकू येतंच. मग विचारा, 'काय होतं बा त्या गोष्टीत?' सांगता आलं नाही तर पोरगं नुसतं अक्षरं जोडतं आहे. हीच गोष्ट शिक्षकांना भेटून सांगितली की बोलणं एकदम नेमकं होतं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी एप्रिल आणि जूनमध्ये 'पहिले पाऊल' मेळावे होतात, आणि त्यातूनच मातांचे गट बनतात. त्यांत न शिकलेल्या आयांनीही दाणे मोजणं, भाज्या वेगळ्या करणं असले उपक्रम घरी व्यवस्थित घेतलेले आहेत.

'बोललो तर मास्तर पोरावर राग काढतील'

ही भीती खरी आहे, म्हणून एकट्याने बोलू नये. चार पालक मिळून विषय समितीत आणा. मग तो गावाचा होतो, अमक्याच्या बापाचा राहत नाही. मारणं आणि मानसिक छळ याला कलम १७ ने बंदी आहे.

उलट बाजूही आहे. समितीचं ओळखपत्र खिशात घालून वर्गात शिरणारे, शिक्षकाला पोरांसमोर झापणारे अध्यक्षही असतात. शिकवायचं कसं, हे समितीचं काम नाही. वर्ग भरला का, गुरुजी वेळेवर आले का, पोरांना वाचता येतं का, इथपर्यंत तिची हद्द. शिक्षक दिसले नाहीत तर आधी कारण विचारावं. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण या कामांना कायद्याने मुभा आहे. त्यापलीकडच्या अशैक्षणिक कामाला जुंपलं असेल तर समितीने शिक्षकांच्या बाजूने ठराव करावा. असा एक ठराव झाला की गुरुजी आणि पालकांमधला ताण किती सैल पडतो, हे करून बघण्यासारखं आहे.

ठराव असा लिहा

बैठकीतलं बोलणं हवेत जातं, राहतो तो ठराव. 'शौचालय दुरुस्त करावे यावर चर्चा झाली' या वाक्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी: 'ठराव क्र. ३. मुलींच्या शौचालयाचे दार तुटले आहे व पाण्याची जोडणी नाही. संयुक्त अनुदानातून दार १५ तारखेपर्यंत बसवावे. पाणी जोडणीसाठी ग्रामपंचायतीस पत्र द्यावे. जबाबदारी: उपाध्यक्षा व मुख्याध्यापक. सूचक, अनुमोदक, मंजूर.' खाली हजर असलेल्यांच्याच सह्या. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारावी, म्हणजे नंतर मजकूर घुसवता येत नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच: मागच्या ठरावाचं काय झालं?

मोठी कामं, म्हणजे नवी खोली, कुंपण किंवा शिक्षकांची कमतरता, ही शाळा विकास आराखड्यात घालायची. हा आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. त्यात वर्गवार अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, सुविधा आणि खर्च लिहायचा. शिक्षकांचं प्रमाण कायद्याच्या परिशिष्टात आहे: पाचवीपर्यंत ६० मुलांना दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आराखडा डिसेंबरअखेर तयार ठेवा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुंपणाचं काम बसवायची तीच वेळ असते. मार्चमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' हेच ऐकायला मिळतं.

तरीही काम अडलं तर

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तोंडी सांगून येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. सोबत ठरावाची प्रत जोडा. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि ते तीन महिने त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजायचे. निर्णय पटला नाही तर पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, १०९८ ला फोन लावा.